वाचक विचारतात : परमुलखात मोटारसायकलची चेसिस तडकली तर

प्रश्न : आम्ही तिघे मित्र मोटारसायकलींनी सुनौली सीमेवरून नेपाळात शिरलो आणि पोखरा, बेनी या मार्गाने मुक्तिनाथाच्या दर्शनाला निघालो. बेनी मागे पडल्यावर घासा गावाच्या अलीकडे माझ्या गाडीची मागची सामानाची पेटी एका अंगाला कलल्यासारखी वाटू लागली. उतरून पाहिले, तर डाव्या शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या टोकाजवळ सबफ्रेमची, म्हणजे सीट आणि सामान पेलणाऱ्या चेसिसच्या मागच्या सांगाड्याची, नळी अर्ध्याहून अधिक तडकली होती. जोमसोमला ग्रिल बनविणाऱ्या एका कारागिराने वेल्डिंग करून दिले आणि वरून जाड लोखंडी पट्टीही जोडली. दर्शन झाले, परतीचा बराच प्रवासही झाला. पण गोरखपूरजवळ तीच नळी पट्टीच्या कडेला पुन्हा तडकली. त्या कारागिराचे काम कच्चे होते का? अशा वेळी नेमके काय करून घ्यावे, आणि आता पूर्ण चेसिस बदलावी लागेल का?
— एक वाचक, उदगीर, जि. लातूर

उत्तर : नळी पट्टीच्या कडेला तडकली, हा आपण दिलेला तपशील फार उपयोगाचा आहे. जोमसोमच्या कारागिराने घातलेला सांधा उघडलेला नाही, हे त्यावरून कळते. आणि पहिला तडा ज्या कारणाने गेला, ते कारण दुरुस्तीनंतरही गाडीवरच राहिले होते, हेही कळते. त्यामुळे त्या कारागिराला कच्चा ठरविण्याची घाई करू नये असे मला मनापासून वाटते.

मोटारसायकलची चेसिस सहसा एका खड्ड्यात तुटत नाही. प्रत्येक हादऱ्याबरोबर नळी किंचित वाकते आणि पूर्ववत होते. असे हेलकावे लाखोंच्या संख्येने झाले की पोलाद थकते, आणि जिथे ताण एकवटतो तिथे, म्हणजे कारखान्यातल्या वेल्डिंगच्या कडेला, गंजाने खाल्लेल्या जागी किंवा भोकाच्या काठावर, केसाएवढी चीर पडून ती वाढत जाते. मागची पेटी बहुधा मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे येते. तिथे ठेवलेले ओझे शॉकअब्सॉर्बरच्या टेकूवर तरफेप्रमाणे नळीला वाकवत राहते, आणि बेनीच्या पुढच्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर त्या ओझ्याचा मार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. वेल्डिंग केलेल्या पोलादी सांध्यांसाठी अभियंते एक ठोकताळा वापरतात : सांधा थकून तुटण्यापर्यंतचे आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ताण एक-पंचमांशाने कमी केला तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, आणि निम्म्यावर आणला तर आठपट. शिवाय अधिक ताकदीचे पोलाद वापरल्याने वेल्डिंगच्या कडेचे हे आयुष्य फारसे वाढत नाही. म्हणून तडा दिसताच वेल्डर शोधण्याआधी पेटी रिकामी करावी, सामान मित्रांच्या गाड्यांवर वाटून द्यावे किंवा बसने पुढे पाठवावे, आणि शक्य असेल तर पेटीच काढून टाकावी. आपण वेल्डिंगनंतर तीच पेटी तेवढ्याच सामानासह पुन्हा बसविली असणार, असा माझा अंदाज आहे.

आता पट्टीविषयी. सबफ्रेमच्या नळीची भिंत साधारण २ मिमी जाडीची असते. तिच्यावर ५ मिमीची पट्टी बसविली की तेवढा भाग ताठ होतो आणि वाकण्याचे सारे काम पट्टी जिथे संपते तिथे येऊन पडते. पट्टीची कड नळीला काटकोनात आडवी असेल आणि त्या कडेवरूनही वेल्डिंग फिरविलेले असेल, तर नळीच्या पूर्ण रुंदीवर एकाच रेषेत ताण एकवटतो. आपली नळी नेमकी तिथेच गेली आहे. पट्टी लावायचीच असेल तर ती नळीच्याच जाडीची असावी, नळीच्या गोलाईवर ठोकून बसविलेली असावी, आणि तिची दोन्ही टोके शंकरपाळ्याच्या कोपऱ्यासारखी निमुळती कापावीत, म्हणजे वेल्डिंगची रेषा नळीला आडवी जाण्याऐवजी तिरपी जाते. नळी पूर्ण तुटलेली असेल, तर आत घट्ट बसणारा दुसऱ्या नळीचा तुकडा सरकवून त्यावर सांधा घेणे त्याहून चांगले.

वेल्डिंगपूर्वीची तयारी गाडीच्या मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावी, कारण घाईत असलेला कारागीर नेमकी तीच गाळतो. प्रथम रंग काढून तडा कुठवर गेला आहे ते पाहावे. आमच्याकडे वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत यासाठी लाल भेदक द्रव आणि पांढरी फवारणी यांचे डबे वापरतात. रस्त्यावर रॉकेल आणि खडू यांवर काम भागते. नळी घासून स्वच्छ करावी, तड्यावर रॉकेल चोळावे, दहा-पंधरा मिनिटांनी फडक्याने पृष्ठभाग कोरडा पुसावा आणि वर खडूची पूड चोळावी. चिरेत शिरलेले रॉकेल हळूहळू खडूत पाझरू लागते आणि पांढऱ्यावर एक बारीक ओलसर रेघ उमटते. डोळ्यांना जिथे तडा संपल्यासारखा वाटत होता, त्याच्या पुढेही ही रेघ गेलेली दिसली तर नवल वाटू नये. तिच्या दोन्ही टोकांच्या किंचित पुढे ३ मिमीची छिद्रे पाडावीत, म्हणजे चिरेचे धारदार टोक बोथट होते आणि ती पुढे धावत नाही. त्यानंतर रॉकेलचा अंश राहू न देता नळी पुन्हा पुसावी आणि तड्याची रेघ ग्राइंडरने इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात खोल उघडावी. नुसती वरून वेल्डिंगची कांडी फिरविली तर धातू पृष्ठभागावर बसतो आणि खाली चीर तशीच जिवंत राहते. नळी दोन्ही टोकांनी बंद असेल तर हवा निघायला एक लहान छिद्र लागतेच. ते नसेल तर आतली तापलेली हवा शेवटच्या टाक्यातून फुटून बाहेर पडते आणि तिथे सुईएवढे भोक राहते.

सुरक्षेच्या बाबतीत कोणाचीही भीड बाळगू नये. पेट्रोलची टाकी आणि नळ्या काढून दूर ठेवाव्यात, बॅटरीची दोन्ही टोके सोडवावीत (ऋण टोक आधी), इंजिनाच्या नियंत्रण संगणकाचे सॉकेट काढावे आणि जवळच्या वायरींवर ओला बारदाना टाकावा. वेल्डिंग यंत्राची अर्थची क्लॅम्प तड्यालगत स्वच्छ केलेल्या धातूवरच लावावी. ती चाकाला किंवा हँडलला लावली तर विद्युतप्रवाह चाकाच्या बेअरिंगांतून अथवा कोनसेटमधून (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगांतून) जातो आणि गोळ्यांवर ठिणग्यांचे डाग पडून ती बेअरिंगे वाया जातात. नळी पुसण्यासाठी ब्रेक साफ करण्याचा फवारा कधीही वापरू नये. त्यांपैकी काहींत क्लोरीनयुक्त द्रावण असते आणि वेल्डिंगच्या ज्वाळेने त्यापासून फॉसजीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. ॲसिटोनने पुसून ते पूर्ण सुकू द्यावे.

प्रत्यक्ष वेल्डिंगसाठी अशा नळीला २.५ मिमीची कांडी आणि ६० ते ८० अँपिअर प्रवाह योग्य ठरतो. ग्रिल आणि दरवाजे बनविणाऱ्याकडे ३.१५ मिमीची कांडी आधीच होल्डरला लावलेली असण्याची शक्यता मोठी. ती १०० अँपिअरच्या पुढे चालते आणि २ मिमीच्या भिंतीला भोक पाडते. कांडीच्या पकडण्याच्या टोकाजवळ छापलेला आकडा वाचावा. ६०१३ ही कांडी जवळपास सर्वत्र मिळते आणि साध्या पोलादी नळीला पुरेशी आहे. ७०१८ अधिक चिवट सांधा देते, पण ती कोरडी असावी लागते. दमट हवेत उघड्या पडलेल्या पुड्यातील ७०१८ सुमारे ३०० अंश सेल्सिअसला भाजून घेतल्याशिवाय वापरण्यापेक्षा नव्या पुड्यातील ६०१३ बरी. आधी दोन-तीन ठिकाणी टाके मारून नळी सरळ आहे ना ते पाहावे, मग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे लहान-लहान तुकडे भरावेत, कारण सलग वेल्डिंग थंड होताना आकसते आणि नळीला आपल्याकडे ओढते. पाणी ओतून थंड करू देऊ नये. शेवटी वरची खपली ठोकून काढली की वेल्डिंगच्या दोन्ही कडा बोटाच्या नखाने चाचपून पाहाव्यात. नख अडकेल अशी खाच लागली तर पुढचा तडा तिथूनच सुरू होणार, म्हणून ती भरून घेऊन कड हलक्या हाताने घासून गुळगुळीत करावी.

जोमसोमसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण येते. काली गंडकीच्या खोऱ्यात सकाळ उलटली की दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो आणि तो दिवस मावळेपर्यंत थांबत नाही. कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉनच्या आवरणाखाली चालणारे वेल्डिंग अशा वाऱ्यात सच्छिद्र होते, कारण वायूचे आवरणच उडून जाते. कांडीचे वेल्डिंग तुलनेने टिकते. तरीही काम सकाळी करावे किंवा पत्र्याचा आडोसा धरावा. विजेचा दाब कमी असेल तर कांडी चिकटत राहते आणि धातू आत मुरत नाही. त्या वेळी थांबण्यातच शहाणपण आहे.

गॅस वेल्डिंगवाला पितळेने झाळून द्यायला तयार असेल, तर ते वाईट नाही. त्यात उष्णता कमी लागते आणि चांगल्या बाहेरील नळीसह ते उत्तम टिकते. मात्र एकदा पितळ चिरेत शिरले की त्या जागी पुन्हा विजेचे वेल्डिंग करता येत नाही, कारण वितळलेले तांबे तापलेल्या पोलादाच्या कणांच्या सीमांमध्ये घुसते आणि त्याला नव्या चिरा पडतात. पितळेचा निर्णय म्हणून विचार करूनच घ्यावा. आणि आसपास कोणीच कारागीर नसेल, तर तडकलेल्या नळीच्या दोन्ही अंगांना टायर काढण्याच्या दोन पट्ट्या धरून त्या होज क्लिपांनी आवळाव्यात, ओझे उतरवावे आणि पुढचे गाव चालण्याच्या वेगाने गाठावे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. तडा फक्त सबफ्रेमला असेल आणि ती मुख्य चेसिसला बोल्टने जोडलेली असेल, तर तेवढी सबफ्रेम नवी आणावी. दोनदा तडकलेल्या नळीवर पुन्हा पैसे घालू नयेत. ती अखंड जोडलेली असेल, तर पट्टी आणि तिच्या आजूबाजूची नळी पूर्ण कापून काढून, आत तुकडा घालून, तिरप्या सांध्याने नवी नळी बसविता येते. लातूर किंवा संभाजीनगरात चांगल्या टिग (आर्गॉन वायूच्या आवरणाखाली होणारे बारीक विजेचे वेल्डिंग) वेल्डरकडून हे काम नीट होते. उजवी नळी मात्र आजच तपासा. डावी अर्धी तडकल्यापासून तिचे ओझेही उजवीच वाहत होती. त्याच वेळी इंजिनाचे सर्व माउंटिंग बोल्ट पाहून घ्यावेत, कारण अनेक गाड्यांत इंजिन हाच चेसिसचा एक भाग असतो आणि बोल्ट सैल असले की त्याच्या वाट्याचे बळ नळ्यांवर येते. शेवटी दोन्ही चाकांच्या बाजूंनी दोरी ताणून चाके एका रेषेत आहेत का, तेही पाहावे.

प्रश्न : आमच्या भागात उसाच्या ट्रॉल्या आणि नांगर बनविणारे अतिशय तरबेज वेल्डर आहेत. भूतानच्या प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांच्याकडून गाडीच्या चेसिसला जागोजागी पट्ट्या जोडून ती आधीच मजबूत करून घ्यावी का?
— एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : माझे मत स्पष्टपणे नाही असे आहे. ट्रॉलीचा चॅनेल जाड असतो. त्याला थोडी जास्त उष्णता लागली किंवा दोन किलो लोखंड जास्त बसले तर काही बिघडत नाही, आणि आपले कारागीर त्या कामात खरोखर वाकबगार आहेत. मोटारसायकलची नळी मात्र ठराविक प्रमाणात लवचीक राहील अशा हिशेबाने घेतलेली असते. शाबूत नळीवर वेल्डिंग केले की जिथे थकव्याची कोणतीही सुरुवात नव्हती तिथे आपण ती निर्माण करतो, आणि वरच्या उत्तरात सांगितलेला ताठपणाचा प्रश्न विकत घेतो. त्याशिवाय वॉरंटी जाते ती वेगळीच.

तोच पैसा आणि तेच कसब सामानाच्या रॅकवर खर्च करावे. रॅक वेल्डिंगने न जोडता गाडीच्या मूळ बोल्टांच्या जागी, शक्य तितक्या ठिकाणी, बोल्टने बसवावा. डावा आणि उजवा रॅक मागून एका आडव्या नळीने जोडून घ्यावा, म्हणजे एका बाजूच्या पेटीचा झोका एकट्या नळीवर येत नाही. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, साखळी, पाण्याच्या बाटल्या, बाजूच्या पेट्यांत खाली आणि पुढे ठेवाव्यात, आणि मागच्या वरच्या पेटीत कपडे व रेनकोट एवढेच असावे. शॉकअब्सॉर्बर तेल गाळत असतील तर ते निघण्यापूर्वीच बदलावेत. निकामी शॉकअब्सॉर्बर प्रत्येक धक्का थेट चेसिसला देतो. जिथे तडा जाण्याची शक्यता असते, त्या सर्व सांध्यांवर पातळ पांढरा रंग द्यावा. पांढऱ्यावर गंजाची तपकिरी रेघ मुक्कामाच्या संध्याकाळी टॉर्चच्या प्रकाशातही दिसते, आणि ती वेळेवर दिसणे हीच खरी मजबुती आहे.

प्रश्न : मध्य आशियात भाड्याने मोटारसायकल घेऊन पामीर महामार्गावर जाण्याचा विचार आहे. मिळणाऱ्या गाड्यांपैकी काहींच्या चेसिस ॲल्युमिनियमच्या आहेत. तशी चेसिस वाटेत तडकली तर?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : निवडीला वाव असेल तर पोलादी चेसिसची गाडी घ्यावी. किर्गिझस्तानातील ओश ते ताजिकिस्तानातील दुशान्बे या रस्त्यावर मुर्गाब आणि खोरोग ही मोजकी मोठी गावे आहेत आणि मधली आक-बैतल खिंड ४,६५५ मीटर उंचीवर आहे. ट्रक दुरुस्त करणाऱ्यांकडे कांडीचे वेल्डिंग त्या भागात मिळते आणि पोलादाला तेवढे पुरते.

ॲल्युमिनियमचे तसे नाही. हा धातू ६६० अंशांच्या आसपास वितळतो, पण त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्याही पुढे. म्हणून तो थर मोडत जाणारा प्रत्यावर्ती प्रवाह, आर्गॉन वायू आणि योग्य भरण तार असलेले टिग यंत्रच लागते. वितळण्यापूर्वी तो लाल होत नाही, त्यामुळे नवख्या हाताखाली नळी अचानक ढासळते. ६०६१ सारखा उष्णतेने कडक केलेला मिश्रधातू असेल, तर वेल्डिंगलगतचा पट्टा मऊ पडतो आणि त्याची ताकद साधारण निम्म्यावर येऊ शकते. ती परत आणायला पूर्ण चेसिसवर भट्टीत उष्णता-प्रक्रिया करावी लागते, जी वाटेत होणे नाही. तेव्हा मोठ्या शहरात ‘आर्गॉन’ अशी पाटी असलेले दुकान शोधावे, संगणकाचे सॉकेट आणि बॅटरी आवर्जून सोडवावी, आणि नंतर ती गाडी विनासामान, मालकाच्या गावापर्यंतच चालवावी. तडा मुख्य तुळईला, मागच्या चिमट्याला (मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला) किंवा कोनसेटच्या नळीजवळ असेल, तर मी दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. गाडी ट्रकमध्ये चढवावी. कोनसेटजवळच्या तड्याबाबत पोलादी चेसिसलाही माझा हाच सल्ला आहे, कारण तिथला सांधा सुटला तर पुढचे चाक गाडीपासून वेगळे होते आणि स्वाराला काही करायला क्षणही मिळत नाही.

प्रश्न : परदेशात चेसिसचे वेल्डिंग केल्यास विमा, कार्ने किंवा आरटीओच्या कागदपत्रांत काही अडचण येते का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : सर्वांत जपायची वस्तू म्हणजे चेसिस क्रमांक. बहुतेक मोटारसायकलींवर तो कोनसेटच्या नळीवर कोरलेला असतो. कार्ने (गाडी परदेशात तात्पुरती नेण्याचा सीमाशुल्काचा परवाना) घेऊन प्रवास करताना सीमेवरचे अधिकारी तो कागदाशी ताडून पाहतात, आणि त्यावर ग्राइंडर फिरलेला किंवा वेल्डिंगचे थेंब उडालेले दिसले तर गाडी तिथेच अडकू शकते. काम सुरू करण्यापूर्वी क्रमांकाचे, तड्याचे आणि नंतर पूर्ण झालेल्या दुरुस्तीचे छायाचित्र घ्यावे आणि कारागिराकडून पावती मागून घ्यावी. नेपाळला कार्ने लागत नाही, पण भन्सारच्या (तिथल्या सीमाशुल्काच्या) चिठ्ठीवर दिवस ठरलेले असतात. दुरुस्तीला वेळ लागणार असे दिसताच, मुदत संपण्यापूर्वी, ती वाढवून घ्यावी.

विम्याबाबत सांगायचे तर, आपल्या साध्या पॉलिसीचे संरक्षण सीमेपाशी थांबते. जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांपुरते क्षेत्र वाढवून घेता येते, आणि ते निघण्यापूर्वीच करावे लागते. तरीही झीज आणि यांत्रिक मोडतोड यांचा खर्च पॉलिसीत येत नाही. त्यामुळे थकून पडलेल्या तड्याच्या वेल्डिंगचे पैसे खिशातूनच जातील, असे धरून चालावे. मूळ नळीची मूळ जागी दुरुस्ती केल्याने नोंदणीच्या तपशिलात बदल होत नाही. परत आल्यावर पूर्ण चेसिस बदलायची ठरविली, तर मात्र नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न येतो; म्हणून कंपनीच्या विक्रेत्याकडून नव्या चेसिसचे बिल आणि पत्र घेऊन, जुनी भंगारात देण्यापूर्वी, नांदेडच्या आरटीओ कार्यालयात अर्ज करावा.